नीट बसा, मान वर

पुणे,
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण खुर्चीत बसून साष्टांग घालता येत नाही, हे मी सातवीत असताना तूच मला ऐकवलं होतंस. तेव्हा साधाच नमस्कार.

या पत्राबरोबर एक खोकं येईल. आत एक लेन्स आहे. आमच्या मासिकाकडे ती परीक्षणासाठी आली आणि परीक्षण माझ्या गळ्यात पडलं. पन्नास एमएमची, फुल-फ्रेम कॅमेऱ्याची, पूर्ण धातूची आणि महाग. किंमत सांगणार नाही. सांगितली तर तू ती कपाटात कुलूप लावून ठेवशील आणि मला पोचपावती पाठवशील.

हिला ऑटोफोकस नाही. रिंग हातानं फिरवायची आणि डोळ्यानं ठरवायचं. माझे छापील तक्त्यांचे आणि भिंतींचे फोटो काढून झाले. पण संपादकांना माणसांचे चेहरे हवेत, आणि तेही हातानं फोकस करण्यात ज्याचा जन्म गेला अशा माणसानं काढलेले. आमच्या पिढीत तसं कोणी सापडेना. मग मला औरंगपुऱ्यातला एक स्टुडिओ आठवला. तिथं बायका-पोरी निर्धास्त फोटो काढून घ्यायला यायच्या, कारण कॅमेऱ्यामागं बाई होती.

तू डोळ्यांच्या ऑपरेशननंतर कॅमेरा बाहेर काढला नाहीस, हे बाबांकडून कळलं. आता काढ.

चेहऱ्यांसाठी अट एकच. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, एफ १.२ वर. तिथं स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन बोटं जाडीचा असतो. पापणीवर फोकस केलास तर कान धूसर होतो. तुझ्या कॅमेऱ्यात चित्र मोठं करून बघायचं बटण आहे. ते दाबून पापणी धर, मग पूर्ण चित्रावर परत ये आणि फोटो घे.

कंपनीच्या नावावर मी काळी टेप लावली आहे. नाव वाचून मत बदलणाऱ्यांतली तू नाहीस, पण नियम म्हणजे नियम. टेप सोलू नकोस. फोटोंचं कार्ड पाकिटात घालून पाठव आणि बरोबर पत्र लिही. फोनवर मी नुसतं 'हो आत्या, हो आत्या' करतो आणि ऐकत नाही, असं तुझंच म्हणणं आहे.

तुझा,
इंद्रजीत


पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर,
९ डिसेंबर २०२४

इंद्रजीत,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्यानं देत बसत नाही.

खोकं पोचलं. त्या फुगेवाल्या प्लॅस्टिकमधून लेन्स सोडवायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात माझ्या पोळ्या लाटून झाल्या असत्या.

लेन्सबद्दल. हातात घेतली की वजन कळतं. साखरेचा पुडा उचलल्यासारखं वाटतं आणि ते सगळं वजन पुढं ओढतं, म्हणून डावा हात खालून धरावा लागतो. मला त्याचं काही नाही, पण तुमच्या हलक्या कॅमेऱ्यांची सवय असलेली मंडळी कुरकुरतील, तेव्हा तसं लिही. फोकसची रिंग मात्र उत्तम आहे. आपल्याकडच्या जुन्या पितळी डब्याचं झाकण शेवटच्या फेऱ्यात जसं न अडखळता बसतं, तशी ती फिरते. कुठं सैल नाही, कुठं अडत नाही. ॲपर्चरच्या रिंगेला प्रत्येक आकड्यावर हलका खटका आहे. अंधारातही बोटांना कळेल. एवढ्या किमतीच्या वस्तूला दिलेलं पुढचं झाकण मात्र फालतू आहे. पहिल्याच दिवशी दोनदा पडलं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कॅमेरा वर्षभर कपाटात आहे याचं कारण आळस नाही. मोतीबिंदू काढून डोळ्यांत नवी भिंगं बसवली. डॉक्टर म्हणतात, उत्तम दिसतं. उत्तम दिसणं वेगळं आणि अचूक दिसणं वेगळं. तो फरक तपासायची मला भीती वाटत होती. आता तू तपासायलाच लावलं आहेस, तर ही परीक्षा लेन्सची तशी माझीही. माणसांच्या डोळ्यांवर फोकस जमला नाही, तर कॅमेरा शेजारच्या अप्पारावांच्या सुनेला, रूपालीला, देऊन टाकीन. तिला शिकायची हौस आहे. नुसता ठेवून त्याला बुरशी चढवण्यात अर्थ नाही.

सुरुवात न हलणाऱ्या गोष्टींपासून केली. सकाळी रिक्षानं हर्सूल तलावावर गेले. रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, यूट्यूब का?" मी म्हटलं, "अभ्यास." येताना औरंगपुऱ्यात उतरून भांड्यांच्या दुकानाबाहेर टांगलेल्या कढयांचे फोटो घेतले. कार्ड सोबत आहे. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर सगळंच निळं दिसतं, म्हणून तूच नीट बघ आणि निकाल कळव. गोड करून नको.

आत्या


पुणे,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

निकाल: पास. हे गोड करून लिहिलेलं नाही.

हर्सूलच्या तलावाकाठी जो बगळा एका पायावर उभा आहे, त्याच्या चोचीची धार दिसते आहे आणि मागचं पाणी दुधात विरघळल्यासारखं झालं आहे. कढयांच्या कानांवरची ठोक्यांची एकेक खूण स्पष्ट आहे. उन्हातल्या काठाला किंचित जांभळी कड येते, ती लेन्सची खोड, तुझी नाही. संपादकांना दाखवले. ते म्हणाले, "आत्या कोण आहेत तुझ्या?" मी म्हटलं, "येऊन बघा, पण शर्टाचं वरचं बटण लावून या."

आता माणसं घे. अमिनाचाचींना घेच. तुमच्या चाळीसेक वर्षांच्या शेजारात आणि मैत्रीत त्यांचा एकही फोटो तू माझ्यासमोर तरी काढलेला नाहीस.

रूपालीवहिनींना सध्या काही बोलू नकोस.

इंद्रजीत


छत्रपती संभाजीनगर,
२४ डिसेंबर २०२४

इंद्रजीत,

माणसं घेतली. सोबत कार्ड. या वेळी निकालाबरोबर छापलेले फोटोही पाठव. मला हातात धरून बघायचे आहेत.

पहिल्या आवडाबाई, आमच्या कोपऱ्यावर भाजी विकतात त्या. मेथीच्या जुड्या बाजूला सारून बसवलं, तर म्हणाल्या, "माझा फोटू कशापायी बाई? मी काय निवडणुकीला उभी हाय व्हय?"

"उभ्या राहिलात तर मत देईन. आधी नीट बसा."

"बसलेच की. लई टाइम लावू नका, गिऱ्हाईक जातंय."

दुसरे अप्पाराव. गावाकडून शेत बघून आले होते, तरी फोटोसाठी धुतलेली टोपी घातली. त्यांची एकच काळजी: "ताई, आधार कार्डासारखा येणार नाही ना?" मी सांगितलं, तो फोटो मी काढलेला नव्हता.

मग अमिना आणि चांदपाशाभाई. अमिना उर्दू शाळेतून निवृत्त झाली तरी अजून हातात खडू असल्यासारखी बोलते. खुर्चीत बसायलाच तयार नाही. "चेहरा नक्को, तनुजा. अब क्या बाकी है चेहऱ्यात?"

"तेच बघायचं आहे. बस."

चांदपाशाभाई बायकोबरोबर नुसते सोबतीला आले होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान माझ्या स्टुडिओच्या समोर होतं, हे तुला आठवत असेल. तिथं तुला चहातलं बिस्कीट मिळायचं. त्यांनी लेन्स उन्हात धरून चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "काम अच्छा है. किसी का पेचकस फिसला नहीं." म्हणजे स्क्रूड्रायव्हरचा एकही ओरखडा नाही. त्यांनाही बसवलं. कानाचं मशीन घरी ठेवून आले होते, त्यामुळे आमच्या कुठल्याच बोलण्यात नव्हते, नुसते माझ्याकडे बघून प्रसन्न हसत होते.

पद्धत तू सांगितलीस तीच. चित्र मोठं करून पापणी धरली, पूर्ण चित्रावर परत आले, मग स्टुडिओत सांगायचे तसं "नीट बसा, मान वर" सांगितलं आणि बटण दाबलं. घाई केली नाही. हात थरथरला नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे ठीक दिसले. पण त्या पडद्यावर काहीही ठीक दिसतं.

एक कबूल करते. पापणी नजरेत आली, तेव्हा फार बरं वाटलं. लगेच हुरळून जाऊ नकोस. निकाल आल्यावर बघू.

आत्या


पुणे,
२९ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तब्येत कशी आहे? पुण्यात थंडी बरी आहे. तुमच्याकडे जास्त असेल. स्वेटर घालत जा. बाबांचा गुडघा बरा आहे.

फोटो पाहिले. आत्या, वाईट वाटून घेऊ नकोस, पण ही लेन्सच सदोष निघाली. आतलं एखादं भिंग प्रवासात सरकलं असणार. तुझा काही दोष नाही. माणसांच्या फोटोंत ती गडबड जाणवते, तलावाच्या आणि कढयांच्या फोटोंत जाणवली नाही, एवढंच. असं कधी कधी होतं. तू अगदी बरोबर केलं होतंस, त्यात तुझा दोष नाही. मी संपादकांना तसं सांगितलं आहे आणि ते लेन्स पाठवणाऱ्यांकडून दुसरी मागवणार आहेत. ही तू परत पाठव, सावकाश. घाई नाही.

फोटो छापून घ्यायला जमलं नाही, दुकान बंद होतं. पुन्हा सांगतो, दोष तुझा नाही.

कॅमेरा मात्र कोणाला देऊ नकोस.

तुझा,
इंद्रजीत


छत्रपती संभाजीनगर,
३ जानेवारी २०२५

इंद्रजीत,

एवढ्याशा पत्रात तीनदा 'तुझा दोष नाही' लिहिलं आहेस. एकदाच लिहिलं असतंस तर कदाचित विश्वास बसला असता. आणि पुण्यात आठवडाभर बंद राहणारं फोटोचं दुकान मला तरी माहीत नाही.

तुझ्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी मी लेन्स तपासली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र तिरकं ठेवलं, कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवला, आणि मधल्या एका मथळ्यावर फोकस करून एफ १.२ वर फोटो घेतला. मग तोच पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी तोच मथळा स्पष्ट आला. वरच्या ओळी धूसर, खालच्या धूसर, मथळा चोख. आतलं भिंग सरकलं असतं तर हे झालं नसतं. मी पदार्थविज्ञानात पदवी घेतली ती भिंतीवर टांगायला नव्हे.

लेन्स निर्दोष आहे. म्हणजे तू खोटं बोललास.

का बोललास, तेही मला कळतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ वाचली, त्याखालचं तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचलं. ते म्हणाले, "मावशी, डोळ्यांना काही झालेलं नाही."

लेन्स बरी, डोळे बरे. मग उरले माझे हात आणि माझं वय. तसं असेल तर ते मला तुझ्याकडून कळू दे, परक्याकडून नको. कॅमेरा पुसून टेबलावर ठेवला आहे. रूपाली रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला येते. एक हाक मारायची खोटी आहे.

आणि हेही लक्षात घे. माझा मान राखायला तू एका चांगल्या वस्तूला नाव ठेवलंस. ज्यांनी ती घडवली त्यांचं काय? ते खोटं मासिकात छापून आलं तर मी स्वतः संपादकांना पत्र लिहीन.

फोटो पाठव. सगळे.

आत्या


पुणे,
७ जानेवारी २०२५

आत्या,

नमस्कार नाही लिहीत. कुठल्या तोंडानं लिहू?

फोटो सोबत आहेत, सगळे. तुझं खरं आहे, मी खोटं बोललो. पडद्यावर आवडाबाई उघडल्या तेव्हा फाइल बंद करून पुन्हा उघडली. डोळ्यांच्या जागी नुसतं धुकं, आणि नाकातल्या चमकीचा खडा मात्र लखलखीत. अप्पारावांच्या सदऱ्याचं वरचं बटण चोख, डोळे पाण्यात. अमिनाचाचींच्या तर ओढणीची कशिदाकारी मोजून घ्यावी आणि चेहरा ओळखावा लागावा. प्रत्येकाचे चार-पाच फोटो, सगळ्यांत तेच. चांदपाशाचाचांचे तेवढे चुकून चांगले आले आहेत.

मला वाटलं, तुझे डोळे गेले. ते तुला सांगायचं कसं, हे कळेना. तू कॅमेरा देऊन टाकला असतास आणि मग संध्याकाळी टीव्हीसमोर बसून राहिली असतीस. त्यापेक्षा लेन्सला दोषी ठरवणं सोपं वाटलं. लेन्सला काय वाटणार आहे?

संपादकांना अजून खरं सांगितलेलं नाही. खरं म्हणजे काय सांगू, हेच कळत नाही. तुझे डोळे ठीक, लेन्स ठीक, आणि फोटो असे.

रागाव, पण उत्तर लिही.

इंद्रजीत


छत्रपती संभाजीनगर,
१५ जानेवारी २०२५

इंद्रजीत,

रागावले होते. आता वेळ नाही. नीट वाच.

तुझे फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. पहिला दिवस नुसते बघण्यातच गेला. चमकीचा खडा खरोखर लखलखीत होता, तेव्हा मला रूपालीला हाक मारावीशी वाटली. पण मग एक गोष्ट खटकली. डोळा कमजोर असेल तर माणूस कधी पुढं चुकतो, कधी मागं चुकतो. इथं चूक प्रत्येक वेळी पुढंच. चमकी, बटण, ओढणी, सगळं डोळ्यांच्या पुढचं. एकाच बाजूला, एकाच मापानं, न चुकता. एवढ्या शिस्तीनं चूक करणारं या घरात एकच माणूस आहे. पण ती करते कशी, हे सापडेना.

काल संक्रांत. अमिना दरवर्षीसारखी तिळगुळाला आली. तिनं टेबलावरचे फोटो पाहिले, स्वतःचा उचलून लांब धरला आणि म्हणाली, "या अल्लाह, ओढणी चांगली आली." मग चांदपाशाभाईंचा उचलला. "सगळ्यांत ह्यांचाच चांगला? घरी सांगू नक्को, तनुजा. डोक्यावर बसतील."

तुझा तो 'चुकून' शब्द मला तेव्हा आठवला. चार फोटो चुकून चांगले येत नाहीत.

मी विचारलं, "त्या दिवशी भाईंनी कानाचं मशीन घातलं नव्हतं ना?"

"कधी घालतात? डब्यात आहे. म्हणतात, इतने साल में तुझे जो बोलना था वो सब सुन लिया."

"म्हणजे मी 'नीट बसा' म्हटलं, ते त्यांना—"

"काय ऐकू येणार? तू ओठ हलवलेस, ते हसले."

मी अमिनाला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच्या बाजूला स्टुलावर फूटपट्टी आडवी ठेवली. कॅमेऱ्यातून पापणी धरली. मग नेहमीच्या आवाजात म्हटलं, "नीट बस, मान वर." अमिनाची पाठ ताठ झाली, छाती पुढं आली आणि डोकं मागं गेलं. पट्टीवर पाहिलं, दोन बोटांहून जास्त. तिला स्वतःला पत्ताही नव्हता.

"तू मागं सरकलीस," मी म्हटलं.

"मी? मी तर हललेच नाही."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिला कळलं आणि ती हसत सुटली. "तनुजा, तू बोलतेस ना, तर लगता है हेडमास्तरीण आ गई. मी स्वतः जन्मभर पोरींना डांटा, तरी तुझ्यासमोर पाठ सीधी होते. आधा औरंगाबाद तुझ्या फोटोंत छाती काढून बसलाय."

खरं आहे ते. स्टुडिओत माझी रीत ठरलेली होती. आधी फोकस, मग 'नीट बसा, मान वर', मग फोटो. तिथं मोठे दिवे होते आणि ॲपर्चर बारीक असायचं, त्यामुळे स्पष्ट दिसणारा पट्टा हातभर जाड. माणूस चार बोटं मागं सरकला तरी त्यातच राहायचा. इतकी वर्षं मी लोकांना फोकसमधून बाहेर ढकलत होते आणि कॅमेरा मला सांभाळून घेत होता. ही लेन्स सांभाळून घेत नाही. बगळ्याला मी काही सांगितलं नव्हतं, कढयांना सांगितलं नव्हतं, आणि चांदपाशाभाईंना सांगितलं ते पोचलं नाही. म्हणून ते तेवढे चांगले.

कळलं, पण वळेना. पुढच्या फोटोला पापणी धरली आणि तोंडातून "नीट—" निघालंच. अमिना सरकली. "तिळगूळ देतेस आणि वर दटावतेस," ती म्हणाली. शेवटी मी तिळाची वडी उचलून सबंध तोंडात घातली. घरचा पाक जरा जास्तच कडक झाला होता, त्यामुळे दात मिटले ते उघडेनात. पापणी धरली. बोलायचं होतं, बोलता येईना. अमिनानं माझा फुगलेला गाल पाहिला आणि तिला हसू आवरेना. ओढणी खांद्यावरून घसरली, मान वाकडी झाली, एक हात तोंडाकडं निघाला होता. मी तिच्या हसण्याच्या मागोमाग रिंग फिरवत राहिले आणि बटण दाबलं.

आज सकाळी औरंगपुऱ्यात जाऊन तो छापून आणला. सोबत आहे. भिंग घेऊन बघ. एकेक पापणी वेगळी दिसते. उजव्या डोळ्याच्या कडेला हसून हसून पाणी आलं आहे, तेही दिसतं. बुबुळात खिडकी दिसते आणि खिडकीसमोर एक गाल फुगलेली बाई दिसते. ती मी.

स्टुडिओतल्या माझ्या एकाही फोटोत कोणी असं हसलेलं नाही.

आता परीक्षण. हे असंच छाप, शब्द बदलू नकोस. 'ही लेन्स घाई असलेल्यासाठी नाही आणि हुकूम सोडणाऱ्यासाठी तर मुळीच नाही. वजनदार आहे, पुढचं झाकण टाकाऊ आहे, उन्हात जांभळी कड येते. पण माणसाला तो बसला आहे तसा बसू दिला, तर ती त्याला त्याच्या पापणीपर्यंत दाखवते.'

आणि संपादकांना आजच्या आज खरं सांग.

आत्या

ता. क. आवडाबाईंचा फोटो परत काढायचा आहे. आज भाजी घेताना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "काढा की. पर तुमी दातखिळी बसल्यावानी करता म्हनं, ते लई भ्या वाटतंय." अमिनानं कॉलनीभर सांगितलेलं दिसतं.


पुणे,
१९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

आता नमस्कार लिहितो. साष्टांग. खुर्चीतून उठून, खरोखर. आईनं पाहिलं आणि विचारलं, काय हरवलं रे?

अमिनाचाचींचा फोटो मी आधी भिंगानं पाहिला, मग भिंग न घेता पाहिला, मग बाबांना दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग म्हणाले, "ताईनं माझा असा कधी काढला नाही."

संपादकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. बोलणी खाल्ली. लेन्स पाठवणाऱ्यांनी दुसरी लेन्स धाडलीही होती, ती खोकं न फोडता परत केली आणि माफीचं पत्र दिलं. मग संपादकांना तुझा उतारा वाचून दाखवला. ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. तुझे शब्द जसेच्या तसे छापणार आहेत, तुझ्या नावानं. माझं परीक्षण त्याच्या खाली, लहान अक्षरांत.

काल आपले जुने अल्बम काढले. माझ्या बारशापासून दहावीपर्यंतच्या तुझ्या प्रत्येक फोटोत मी पोलीस भरतीला आल्यासारखा बसलो आहे. पाळण्यातसुद्धा. मला आजवर वाटायचं, मी मुळातच तसा आहे.

लेन्स कुरियरनं पाठवू नकोस. पुढच्या शनिवारी मी स्वतः न्यायला येतो. टेप सोलून नाव बघितलंस का? सांगू का?

तुझा,
इंद्रजीत


छत्रपती संभाजीनगर,
२३ जानेवारी २०२५

इंद्रजीत,

टेप सोललेली नाही. नावाचं मला काय करायचं आहे? वस्तू कळली, तेवढं पुरे. तू आलास की तूच सोल. तोवर लेन्स कॅमेऱ्यालाच लावून ठेवली आहे.

रूपालीला हाक मारली. कॅमेरा द्यायला नव्हे. रोज दुपारी शिकायला ये, असं सांगायला. पहिल्या दिवशी तिला एकच गोष्ट शिकवली: फोकस झाल्यावर आपण बोलायचं नाही. तिनं विचारलं, "काकू, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, चांदपाशाभाईंनी. ते अमिनानं त्यांच्या कानाजवळ ओरडून सांगितलं, तेव्हापासून ते डोक्यावर बसले आहेत, ती म्हणाली होती तसेच.

शनिवारी ये. बाबांनाही घेऊन ये. गुडघ्याचं कारण ऐकणार नाही, खुर्चीतच बसायचं आहे. खिडकीतला उजेड सकाळी चांगला असतो, तेव्हा आधी तुझा काढीन, मग त्याचा. वाकडे बसा, टेका, खाजवा, काय वाटेल ते करा. मी एक शब्द बोलणार नाही.

संक्रांतीच्या वड्या मात्र संपल्या. येताना आलेपाकाचा डबा आण. मोठा आण. तू तसा समोर वाकडा बसलेला आणि मी गप्प, याला एक वडी पुरायची नाही.

आत्या